तोच प्लॉट, बदलते नियम: सॅन होजेमधल्या एका मागच्या घराचे प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या जुन्या वसाहतींत ६० फूट रुंद आणि १०० फूट खोल प्लॉट पावलोपावली दिसतो. आपल्या हिशेबात साडेपाच गुंठे. पुढे १९५० च्या सुमाराचे, लाकडी सांगाड्याचे, १,४५० चौरस फुटांचे बैठे घर. मागच्या कोपऱ्यात २० बाय २० चे सुटे गॅरेज, बाजूच्या कुंपणापासून जेमतेम एक फुटावर. विजेचे पॅनेल १०० अँपिअरचे. अशा घरातल्या मराठी कुटुंबाची गरजही साधारण ठरलेली असते. पुण्याहून आई-बाबा सहा-सहा महिन्यांसाठी येतात, पुढेमागे ग्रीन कार्डावर कायमचे येतील. त्यांना स्वतःचे स्वयंपाकघर हवे, पायऱ्या नकोत, आणि दुपारी दार लावून निवांत पडता आले पाहिजे. ते नसतील तेव्हा भाडेकरू ठेवता आला तर हप्त्यालाही हातभार.

अशा दुसऱ्या, धाकट्या घराला तिकडे एडीयू म्हणतात. मुख्य घराच्याच आवारात, पण प्रवेश, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर स्वतंत्र. हे प्रकरण वर दिलेल्या नमुन्याच्या प्लॉटवर मांडले आहे. मापे कोणा एका कुटुंबाच्या घराची नाहीत. नियम, तारखा आणि आकडेमोड मात्र खरी आहे. प्लॉट १९५० पासून इंचभरही हललेला नाही. त्यावर काय बांधता येते याचे उत्तर मात्र २०१६ नंतर पुन्हा पुन्हा बदलले, आणि प्रत्येक वेळी निर्णय शहराच्या हातून थोडा थोडा सुटत राज्याकडे गेला.

गाडीला छप्पर, माणसाला नाही

'दुसरे युनिट' कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १९८२ पासून आहे. १ जुलै २००३ पासून तर असा अर्ज सुनावणी न घेता, केवळ नियमांशी पडताळून मंजूर करावा, असे बंधनही होते. पण पडताळायचे नियम शहराने लिहायचे होते, आणि राज्यभरातल्या शहरांनी ते असे लिहिले की बहुतेक प्लॉट आपोआप गळावेत. किमान क्षेत्रफळ, दुसऱ्या युनिटसाठी जादा पार्किंग, ऐसपैस सामासिक अंतरे (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), आणि मालक इथेच राहील असा मालमत्तेवर नोंदवलेला करार. सुनावणी नव्हती हे खरे; उत्तीर्ण होण्याचीही सोय नव्हती.

आपल्या प्लॉटची जमीन आर-१-८ या विभागात धरली आहे. म्हणजे एकरी आठ घरे. ४३,५६० भागिले ८, म्हणून किमान प्लॉट ५,४४५ चौरस फुटांचा. आपला ६,००० चा, तेव्हा तिथे अडचण नाही. अडचण गॅरेजची होती. गॅरेजचे घर केले की छपराखालच्या दोन गाड्यांची जागा गेली, ती प्लॉटवरच दुसरीकडे भरून द्यायची, आणि नव्या युनिटची गाडी वेगळीच. पुढच्या अंगणाची सामासिक जागा पार्किंगला चालत नसे. ६० फुटांच्या रुंदीत हे बसत नाही. अशा कारणांनी अनेक गॅरेजे परवान्याविना घरे झाली आणि तशीच राहिली.

१ जानेवारी २०१७ ला फ्रीमाँटचे तेव्हाचे सिनेटर बॉब विकाउस्की यांचा एसबी १०६९ आणि आमदार रिचर्ड ब्लूम यांचा एबी २२९९ हे कायदे लागू झाले (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमधले विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीमधले). सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलात एडीयूसाठी पार्किंग मागता येईनासे झाले. उभे असलेले गॅरेज आहे त्या जागी बदलायचे तर सामासिक अंतर मागायचे नाही, हेही तेव्हाच आले. निर्णयाला १२० दिवसांची मुदत मिळाली. पण गॅरेजमधली हरवलेली जागा भरून द्या, असे शहर अजून म्हणू शकत होते. फक्त ती उघड्यावर, एकामागे एक, कशीही चालेल एवढी सवलत होती. मालकाने तिथेच राहण्याची अटही शाबूत होती. नोकरी सुटली किंवा व्हिसा संपला म्हणून पुण्याला परतावे लागले आणि दोन्ही घरे भाड्याने द्यायची म्हटली, तर हीच अट आडवी येई. परदेशी नोकरदारांच्या बाबतीत ही केवळ तात्त्विक अडचण नव्हती.

खरा बदल १ जानेवारी २०२० चा. एबी ६८, एबी ८८१ आणि एसबी १३ एकदम लागू झाले. किमान प्लॉटची अट गेली. बाजूला आणि मागे चार फुटांहून जास्त अंतर मागायचे नाही. ८०० चौरस फुटांपर्यंतचे, १६ फूट उंचीचे, चार फूट अंतर राखलेले एडीयू चटई क्षेत्राच्या किंवा मोकळ्या जागेच्या कोणत्याही स्थानिक नियमाने अडवायचे नाही. गॅरेज पाडले किंवा बदलले तरी पार्किंग भरून मागायचे नाही. मुदत ६० दिवस, आणि त्यात निर्णय झाला नाही तर अर्ज मंजूर समजायचा. मालकाने राहण्याची अट तात्पुरती स्थगित झाली. २०२३ च्या एबी ९७६ ने ती स्थगिती कायमची केली. त्याआधीच्या परवान्यांवर नोंदवलेले जुने करार मात्र आपोआप पुसले जात नाहीत. एडीयू असलेले घर विकत घेताना मालमत्तेच्या नोंदींत असा करार आहे का, हे बघून घ्यावे.

पुढचे बदल कडेकडेचे. १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या वाहतूक थांब्याच्या अर्ध्या मैलात उंची १८ फूट झाली आणि घराला जोडलेल्या एडीयूला २५. आई-बाबांसाठी बांधणाऱ्याला उंचीशी फारसे देणेघेणे नाही. त्याच वर्षापासून लागू झालेली एक तरतूद मात्र कामाची आहे: शहराने नकार दिला तर सगळ्या त्रुटी आणि त्यावरचे उपाय एकाच वेळी लेखी द्यायचे. आधी तीन फेऱ्यांत तीन नव्या त्रुटी निघत.

सातशे एकोणपन्नासचे गूढ

प्लॉट मोकळा झाल्यावर निवड करायची. पहिला पर्याय, गॅरेज बदलणे: ४०० चौरस फूट, जागच्या जागी. दुसरा, गॅरेज पाडून मागच्या अंगणात नवे सुटे घर. तिसरा, मुख्य घराच्या भिंतींच्या आतच ५०० चौरस फुटांपर्यंतचे 'ज्युनियर' युनिट, ज्यात छोटे स्वयंपाकघर पुरते आणि न्हाणीघर मुख्य घराबरोबर सामाईक ठेवता येते. २०२० पासून एका प्लॉटवर ज्युनियर आणि एडीयू दोन्ही चालतात. इथे एक गल्लत फार होते. घराला चिकटलेले गॅरेज ज्युनियरमध्ये धरता येते, सुटे धरता येत नाही. आपले सुटे आहे, म्हणून त्याचे फक्त पूर्ण एडीयूच होऊ शकते.

वास्तुविशारदांच्या नकाशांवर ७४९ चौरस फूट हा आकडा वारंवार दिसतो. कारण एसबी १३ ने ७५० च्या आतल्या एडीयूला उद्याने, रस्ते वगैरेंचे विकास शुल्क माफ केले. त्या कायद्यानुसार ७५० किंवा जास्त झाले की मुख्य घराच्या प्रमाणात शुल्क लागे. मुख्य घर १,४५० चे आणि एडीयू ८७० चे असेल तर ६० टक्के. एका फुटासाठी हजारो डॉलर जाऊ शकत, म्हणून सगळे ७४९ वर थांबत. आपण २१ बाय ३५, म्हणजे ७३५ चौरस फुटांचा आराखडा धरला आहे: एक झोपायची खोली, एक मोठी बैठक-स्वयंपाकघर, एक न्हाणीघर.

गॅरेज बदलणे स्वस्त पडेल असे सगळ्यांना वाटते. पडते, पण वाटते तितके नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर, ड्रेनेजचा चर, पॅनेल, नकाशे हे खर्च ४०० फुटांना आणि ७३५ फुटांना जवळजवळ तेवढेच येतात. वरून जुन्या गॅरेजची दुखणी वेगळी. त्याची जमीन दाराकडे उतरती असते. उतार फुटाला अष्टमांश इंच धरला तरी २० फुटांत अडीच इंच फरक पडतो. स्लॅबखाली ओल अडवणारा कागद बहुधा नसतो. मोठ्या दाराखाली पाया नसतोच, तिथे नवी भिंत उभी करायला पाया खणावा लागतो. तळाचे लाकूड मातीला टेकलेले असते. बांधकाम संहितेला लाकूड आणि माती यांत आठ इंच अंतर हवे. हे सगळे नीट करायला निघाले की बऱ्याचदा भिंतीसुद्धा बदलाव्या लागतात. चालते. उभे बांधकाम त्याच जागी, त्याच मापात पुन्हा उभारले तरी अंतराची सूट टिकते. पण 'आता पाडलेच आहे तर दोन फूट वाढवून घेऊ' म्हटले की वाढवलेला भाग नव्या बांधकामात मोडतो आणि चार फुटांचा नियम लागतो. या सवलतीच्या जोरावर वाढवता येते ते फक्त ये-जा करण्यापुरते, १५० चौरस फुटांपर्यंत. पाडण्याआधी सर्वेक्षकाकडून मापे आणि फोटो घेऊन ठेवावेत. पाडल्यावर पुरावा उरत नाही.

चार फूट की पाच

कायदा म्हणतो चार फुटांवर बांधा. बांधकाम संहिता म्हणते, पाच फुटांच्या आत असाल तर भिंत एक तास आगीला टिकणारी हवी. दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच वेळी लागू. चार फुटांवरच्या भिंतीत आत-बाहेर एक-तासाची रचना करावी लागते, छज्ज्याच्या खालच्या बाजूलाही संरक्षण लागते, आणि तीन ते पाच फुटांच्या पट्ट्यात त्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपर्यंतच खिडक्या-दारे चालतात. तीन फुटांच्या आत एकही नाही. घरात आग विझवणारे स्वयंचलित फवारे बसवले तर हे निकष शिथिल होतात, पण मुख्य घराला फवारे नसतील तर एडीयूला ते सक्तीने मागता येत नाहीत, म्हणून सहसा कोणी बसवत नाही.

आपल्या एक फुटावरच्या गॅरेजची कुंपणाकडची भिंत म्हणजे पूर्ण बंद. झोपायची खोली तिकडे ठेवली तर आणीबाणीत बाहेर पडायची खिडकी कुठून देणार? त्या खिडकीचे निव्वळ उघडे क्षेत्र ५.७ चौरस फूट लागते, तळमजल्यावर ५. उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको. २४ गुणिले २० म्हणजे ३.३ चौरस फूट, हे मात्र विसरायचे नाही: दोन्ही किमान मापे धरून घेतलेली खिडकी नापास होते. सरकत्या खिडकीत अर्धीच बाजू उघडते, त्यामुळे दुकानातले माप आणि संहितेचे माप वेगळे. म्हणून झोपायची खोली अंगणाच्या बाजूला, आणि बंद भिंतीकडे न्हाणीघर व कपाटे. अनुभवी माणसे नवे घर सरळ पाच फुटांवर सरकवतात. एक फूट अंगण जाते, पण भिंतीचा खर्च आणि खिडक्यांची कटकट वाचते.

आधी कागद, मग फूटपट्टी

मागच्या कुंपणालगत विजेचे खांब असलेल्या वसाहतींत प्लॉटच्या मागच्या बाजूला सुविधाधिकाराचा पट्टा असतो, पाच किंवा दहा फुटांचा; जमीन मालकाची, पण वापराचा हक्क वीज कंपनीसारख्या दुसऱ्याचा. त्यावर कायमचे बांधकाम चालत नाही, राज्याने चार फुटांची मुभा दिली असली तरी. ती मुभा शहराला बांधते. खासगी सुविधाधिकाराला नाही. घर १०० फुटांपैकी पहिल्या ६० फुटांत संपते, मागे ४० उरतात. चार फूट सोडून २१ फूट खोलीचे घर बसवले तर दोन घरांमध्ये १५ फूट राहतात: तुळस, कपडे, दोन खुर्च्या. पट्टा दहा फुटांचा निघाला तर उरतात ९, आणि ती जागा बोळ होते. म्हणून नकाशा काढायच्या आधी मालमत्तेचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि हक्कांच्या नोंदींचा अहवाल, वाचायचा. हजार-दोन हजार डॉलर वास्तुविशारदाला दिल्यानंतर हा पट्टा सापडलेला पाहणे क्लेशदायक असते.

याच वेळी पूररेषाही बघावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोयोटी क्रीकचे पाणी सॅन होजेच्या वस्त्यांत शिरले होते. प्लॉट पूरक्षेत्रात असेल तर घराच्या फरशीची पातळी पूरपातळीच्या वर न्यावी लागते. दोन फूट वर नेले की बिनपायऱ्यांच्या प्रवेशाला एकास बारा उताराने २४ फुटांचा रॅम्प लागतो, आणि तो कुठे बसवणार हा प्रश्न घरापेक्षा मोठा होतो. अग्निशमनाचेही एक माप आहे: बंब उभा राहील त्या रस्त्यापासून इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक कोपरा १५० फुटांच्या पायवाटेत आला पाहिजे. १०० फूट खोल प्लॉटला हे बहुधा जमते, खूप खोल आणि अरुंद प्लॉटला नाही.

पाव इंचाचे गणित

बरेच प्रकल्प जमिनीखाली अडकतात. घराची मैल्याची लाइन पुढच्या रस्त्याकडे जाते, आणि नवे घर मागे. नवा पाइप जुन्या लाइनीला जिथे जोडायचा तो सांधा ७० फुटांवर आहे असे धरू. पाइपला फुटाला पाव इंच उतार लागतो: ७० फुटांत साडेसतरा इंच. एडीयूखाली पाइप जमिनीपासून १२ इंच खोल निघाला, तर सांध्याशी त्याची खोली साडेएकोणतीस इंच. जुनी लाइन तिथे २४ इंचांवर असेल तर साडेपाच इंच कमी पडले. पाणी चढावर जात नाही.

उपाय तीन. चार इंची पाइपला, तपासनीसाने मान्य केले तर, फुटाला अष्टमांश इंच उतार चालतो: ७० फुटांत पावणेनऊ इंच, सांध्याशी पावणेएकवीस. जमते, आणि तीन इंचांहून थोडी जास्त मोकळीक उरते. दुसरा उपाय, घराचा तळ वर उचलणे, म्हणजे पुन्हा पायऱ्या. तिसरा, खड्ड्यात पंप. पंपाला वीज लागते, आवाज होतो, काही वर्षांनी तो बदलावा लागतो आणि वीज गेली की शौचालय बंद. आई-बाबांच्या घराला पंप शेवटचा उपाय समजावा.

खोली अंदाजाने धरू नये. प्लंबरकडून कॅमेरा घालून लाइन तपासावी आणि सांध्याशी खोली मोजून घ्यावी. १९५० च्या काळातली लाइन भाजलेल्या मातीच्या पाइपांची असण्याची शक्यता मोठी. सांध्यांतून झाडांची मुळे शिरलेली असतात. दोन घरांचा भार पडल्यावर ती तुंबते आणि तुंबते ती नेमकी खालच्या पातळीच्या घरात.

विजेचे गणित त्याहून सरळ आहे. ७३५ चौरस फुटांना फुटामागे ३ व्होल्ट-अँपिअर (विजेच्या भाराचे माप), म्हणजे २,२०५. स्वयंपाकघराची दोन सर्किटे ३,०००, कपडे धुण्याचे १,५००, शेगडी ९,६००, पाणी तापवणे ४,५००, ड्रायर ५,०००. बेरीज २५,८०५. सगळी उपकरणे एकदम चालत नाहीत, म्हणून पहिले १०,००० पूर्ण धरायचे, उरलेल्या १५,८०५ चे ४० टक्के म्हणजे ६,३२२. त्यात उष्णता-पंपाचे ३,००० पूर्ण मिळवले की १९,३२२. भागिले २४० व्होल्ट, सुमारे ८० अँपिअर. ही गणनापद्धत वापरायची तर केबलही किमान १०० अँपिअरची लागते. म्हणजे जुन्या १०० च्या पॅनेलवर मुख्य घर आणि हे, दोन्ही बसत नाहीत. २०० चे पॅनेल घ्यावेच लागते. पॅनेल बदलणे दोन दिवसांचे काम आहे, वीज कंपनीने नवी जोडणी देणे महिन्यांचे. या विलंबासाठीच राज्याला २०२३ मध्ये एसबी ४१० हा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून हा अर्ज परवाना मिळाल्यावर नव्हे, नकाशे टाकतानाच टाकायचा. घर पुरे होऊन दिवे नसलेल्या एडीयूंचे मूळ इथेच असते.

नव्या सुट्या एडीयूला छतावर सौर पॅनेलांची सक्ती आहे. २०२२ च्या ऊर्जा संहितेत किमान क्षमता १.८ किलोवॉटच्या खाली निघाली तर सूट होती, त्यामुळे छोट्या घरांनी हे गणित आधी करून घ्यावे. बदललेल्या गॅरेजला ही सक्ती नाही, आणि स्वतंत्र जोडणी किंवा तिचे शुल्कही सहसा मागता येत नाही. गॅरेजच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत दमदार मुद्दा.

साठ दिवस म्हणजे किती दिवस

मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. अपुरा अर्ज म्हणजे घड्याळ चालूच झालेले नाही. दुरुस्त्या लिहून नकाशे परत आले की पुढचा वेळ अर्जदाराच्या खाती. त्यामुळे अर्जात काय लागते ते नीट भरणे हीच वेळेची खरी बचत: जागेचा नकाशा सुविधाधिकारांसह, दोन्ही घरांची अंतरे, पाया आणि सांगाड्याची गणिते, ऊर्जेचा अहवाल, विजेची गणना, ड्रेनेजचा मार्ग, नव्या बांधकामावरचे शाळेचे शुल्क भरल्याची, त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या 'शाळा जिल्ह्या'ची पावती. हे शाळेचे शुल्क विकास शुल्कापासून वेगळे आहे आणि ७४९ च्या युक्तीने चुकत नाही. ५०० चौरस फुटांच्या वर ते लागते. २०२४ मध्ये राज्याने ठरवलेली त्याची कमाल चौरस फुटाला ५.१७ डॉलर होती, म्हणजे आपल्या ७३५ फुटांना सुमारे ३,८०० डॉलर.

पूर्वमंजूर नकाशे घेतले तर ३० दिवस. २०२३ च्या एबी १३३२ ने १ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक शहराला अशी यादी ठेवायला लावली; सॅन होजेत ती त्याआधीच होती. पण पूर्वमंजूर असते ते घर, जागा नव्हे. पट्टा, उतार, पॅनेल, मातीचा प्रकार यांची तपासणी नव्यानेच होते. 'मंजूर घर' विकत घेऊन ते प्लॉटवर बसत नाही असे कळणे अगदी शक्य आहे.

बांधकाम सुरू झाले की तपासण्यांचा क्रम चुकवू नये. स्लॅबखालचे पाइप झाकण्याआधी पाणी भरून तपासणी, चार इंच खडीवर १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा ओलरोधक कागद, पाया आणि त्यातली अर्थिंगची सळई, मग सांगाडा, वायरिंग, प्लंबिंग उघडे असताना, मग इन्सुलेशन, मग भिंतीचे बोर्ड, विशेषतः एक-तासाच्या भिंतीवरचे खिळे दिसत असताना. कंत्राटदाराने घाईने बोर्डाचे सांधे भरून टाकले तर ते उकरून दाखवावे लागतात.

आधीच्या मालकाने गॅरेजचे गुपचूप घर केलेले असेल तर वेगळी वाट आहे. एबी २५३३ लागू झाल्यापासून, म्हणजे २०२५ पासून, १ जानेवारी २०२० च्या आधी परवान्याविना झालेले एडीयू नियमित करताना शहराला केवळ संहितेत बसत नाही म्हणून नकार देता येत नाही. राहण्यास धोकादायक अशा उणिवा दूर करायला लावता येतात. लपवाछपवी सोडून नियमित करून घेणे आता खरोखर शहाणपणाचे आहे. विमा कंपनी आग लागल्यावर परवाना विचारते, आधी नाही.

कर, आणि विकण्याचा प्रश्न

कराची भीती मात्र उगाचच मोठी केली जाते. १९७८ च्या प्रपोझिशन १३ नुसार, म्हणजे मालमत्ता करावर मर्यादा घालणाऱ्या, मतदारांनी संमत केलेल्या कायद्यानुसार, मुख्य घराचे जुने मूल्यांकन एडीयूमुळे उघडले जात नाही. नव्या बांधकामाचेच मूल्य त्यात मिळवतात. ते २,५०,००० डॉलर ठरले तर मूळ एक टक्का म्हणजे वर्षाला २,५०० डॉलर, आणि वर स्थानिक कर. बे एरियात नवे सुटे एडीयू उभारायला तीन-चार लाख डॉलर सहज जातात, त्या मानाने हा आकडा चटका देणारा नाही. राज्याच्या गृहवित्त संस्थेने नकाशे, परवाने अशा आधीच्या खर्चासाठी ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान दिले होते. तो निधी संपला आहे. जुन्या जाहिरातींवर विसंबून अंदाजपत्रक करू नये.

२०२४ च्या उन्हाळ्यात, बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन सॅन होजेत भरले त्याच सुमारास, शहराने आणखी एक दार उघडले. तोवर एडीयू मुख्य घरापासून वेगळे सहसा विकता येत नसे. तेव्हाचे आमदार फिल टिंग यांच्या एबी १०३३ ने २०२३ मध्ये शहरांना तशी परवानगी देण्याची मुभा दिली. सक्ती केली नाही. कॅलिफोर्नियात ती सर्वांत आधी सॅन होजेने वापरली. आता मागचे घर कॉन्डो म्हणून, म्हणजे सामाईक मालमत्तेतले स्वतंत्र मालकीचे घर म्हणून, विकता येते. आई-बाबांच्या घराला हा मुद्दा आज दूरचा वाटेल, पण तो नकाशाच्या वेळीच ठरवावा लागतो. विकायचे असेल तर वीज-पाण्याची मीटरे वेगळी असलेली बरी, सामाईक ड्रेनेजच्या दुरुस्तीचा करार लागतो, येण्याजाण्याची वाट कोणाची हे लिहावे लागते, दोन मालकांची का होईना पण संघटना नोंदवावी लागते आणि नोंदणीआधी सुरक्षेची तपासणी होते. ७० फुटांचा पाइप दुसऱ्याच्या अंगणातून जाणार असेल तर त्याचा चर खणतानाच त्याची जागा नकाशावर आखून ठेवलेली बरी.

आणि कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी संमती लागते. संपूर्ण प्लॉट तिच्याकडे तारण आहे. त्यातला मागचा भाग सुटा करून देणे तिच्यावर बंधनकारक नाही. तीन टक्क्यांच्या जुन्या कर्जावर बसलेल्या कुटुंबाला बँकेने नवे कर्ज घ्या म्हटले, तर हप्त्याच्या वाढीचा आणि मागच्या घराच्या किमतीचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघावा लागतो, आणि बहुतेक कुटुंबे तो मांडल्यावर भाडेकरू शोधायला लागतात.